गुणाजीचा शंखनाद

भक्तहो, श्रीनिवांतनाथ महाराजांचा मुक्काम त्या काळी समुद्रकाठच्या माडवण गावी होता. खाडीच्या मुखाशी एक उंच टेकडी, टेकडीवर लक्ष्मीनारायणाचे देऊळ आणि पायथ्याशी, नारळी-पोफळीच्या सावलीत, महाराजांचा साधा शाकारलेला मठ. कोणी दुःख घेऊन येई, कोणी नुसतेच येऊन बसे. महाराज सगळ्यांशी सारख्याच प्रेमाने बोलत.

या गावात गुणाजी नावाचा एक गरीब भक्त होता. काथ्याचे दोर वळून तो पोट भरी. लहानपणापासून त्याला दमा होता. चार पावले भरभर चालला की छाती भात्यासारखी वाजे. देवळात पहाटे शंख वाजवणारे म्हातारे पुजारी वारले, तेव्हा ती सेवा कोण करणार असा प्रश्न पडला. गुणाजी चाचरत पुढे आला आणि म्हणाला, "महाराज, मी करू का?"

सगळी मंडळी हसली. महाराज मात्र हसले नाहीत. "इच्छा तुझी आहे ना? मग कर," ते म्हणाले. "पण शंख इतक्यात ओठांना लावायचा नाही. आधी रोज पहाटे खाडीत छातीभर पाण्यात उभा राहा. नारायणाचे नाव घेत श्वास आत घे, नाव घेतच सोड. थंडी असो, पाऊस असो, एक दिवसही चुकवू नकोस."

गुणाजीने ती आज्ञा शिरावर घेतली. पहिल्या पहाटे तो खोकून खोकून बेजार झाला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरला. कित्येक महिन्यांनी महाराजांनी शंख हाती दिला. त्यातून निघाली ती नुसती फुसफुस! ओठ फुटले, गाल दुखले. वर्ष गेले, दुसरे सरले, तेव्हा कुठे एक आखूड, घोगरा सूर उमटू लागला.

गावात हिराजी नाखवा म्हणून मोठी असामी होती. होड्या त्याच्या, माणसे त्याची. अंगाने धिप्पाड, आवाज असा की भर वाऱ्यात एका होडीवरून दुसऱ्या होडीला हाक पोहोचावी. त्या ताकदीचा त्याला फार गर्व होता. उत्सवाच्या दिवशी भरल्या देवळात गुणाजीचा शंख मध्येच अडखळला, तशी हिराजीने त्याच्या हातातून तो काढून घेतला.

"अरे, शंखाला छाती लागते छाती! तुझा हा फुटका भाता काय कामाचा?" असे म्हणून त्याने दणदणीत शंख फुंकला. लोकांनी वाहवा केली. गुणाजी खाली मान घालून देवळाबाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी तो पाण्यात उतरलाच नाही. देवळातला शंख घेऊन तो मठात आला आणि त्याने तो महाराजांपुढे ठेवला. डोळे भरून आले होते. "महाराज, हे काम माझं नव्हे. हिराजीची बरोबरी मला जन्मात जमायची नाही."

महाराजांनी त्याला जवळ बसवले. "गुणाजी, पहिल्या दिवशी तुझ्याच्यानं एक नाम तरी धड घेववलं का?"

"नाही, महाराज."

"आणि आता?"

"आता एका श्वासात बरीच होतात."

"मग वेड्या, हिराजीशी तुझी शर्यत मी कधी लावली होती? त्याला देवानं जन्मताच दिलं. तुला जे द्यायचं ते तो तुझ्याच हातून घडवून घेतोय. ऊठ. पाणी वाट बघत असेल."

गुणाजी शंख घेऊन उठला. त्यानंतर त्याने नेम कधी मोडला नाही.

पुढे काही वर्षांनी, पौष महिन्यातली सकाळ होती. होड्या रात्रीच मासेमारीला गेल्या होत्या. हिराजी स्वतः गेला होता आणि त्याचा थोरला मुलगाही. त्या परतायच्या वेळी समुद्रावर असे दाट धुके उतरले की हाताचा पंजा दिसेना! खाडीच्या मुखाशी दोन्ही बाजूंना खडक आहेत. मधल्या चिंचोळ्या वाटेने आत यायचे, तर टेकडीवरच्या देवळाचा कळस नाकासमोर धरावा लागे. आज कळसच दिसत नव्हता. त्यात भरतीचे पाणी होड्यांना खडकांकडे ओढू लागले. किनाऱ्यावर बायामाणसे जमली, थाळ्या बडवू लागली, हाका मारू लागली. पण लाटांच्या गर्जनेत सगळे विरून गेले.

गुणाजीला एकच गोष्ट कळली. आवाज देवळातून गेला पाहिजे! तो धापा टाकत टेकडी चढला आणि गाभाऱ्यासमोर उभा राहून त्याने शंख फुंकला. एकदा, पुन्हा, पुन्हा. इतक्या वर्षांची कमाई त्याने त्या शंखात ओतली. सूर लांब, स्थिर निघत होता. पण गार धुके छातीत शिरले आणि दम्याने त्याला घेरले. श्वास आत जाईना. तो खांबाला टेकून खाली बसला. "नारायणा, अजून होड्या आल्या नाहीत रे!" एवढेच त्याच्या ओठांतून निघाले. तरी हातातला शंख सोडला नाही. त्याने शंख पुन्हा ओठांना लावला.

आणि काय नवल! पाठीवर कोणीतरी हात ठेवल्यासारखे त्याला वाटले. छातीची घरघर एकदम थांबली. शिडात वारा भरावा तसा श्वास भरला, आणि असा नाद उठला की सारी टेकडी घुमली! गुणाजीने मागे वळून पाहिले. तेथे कोणीही नव्हते.

त्याच वेळी खाली मठात महाराज बोलता बोलता थांबले होते. त्यांचा चेहरा काळवंडला, छाती घरघरू लागली. स्वयंपाक करणाऱ्या यशोदाकाकू घाबरून धावल्या. "महाराज, वैद्यांना बोलावू का?"

महाराजांनी हाताने थांबवले. "नको. ज्याचं आहे... त्याला जरा... मोकळं राहू दे."

शंखाच्या रोखाने एकेक होडी खडकांमधून आत आली. शेवटची होडी हिराजीची. ती वाळूला लागली, तेव्हाच टेकडीवरचा नाद थांबला आणि मठात महाराजांनी दीर्घ श्वास घेतला.

हिराजी मुलाचा हात धरून मठात आला. यशोदाकाकूंनी घडले ते सांगितले, तसा तो महाराजांच्या पायांवर कोसळला. "महाराज, तुम्हीच शंख फुंकलात! तुम्हीच आम्हाला वाचवलंत!"

"छे छे, नाखवा," महाराज म्हणाले. "मी घटकाभर त्याचं दुखणं घेतलं, एवढंच. सूर त्याचा होता. वारा देव देतो, पण शीड शिवून तयार नसेल तर वारा भरायचा कशात? हे शीड गुणाजीनं रोज पहाटे टाका टाका करून शिवलंय."

इतक्यात गुणाजी टेकडी उतरून दारात आला. हिराजी उठला. भरल्या डोळ्यांनी त्याच्यापुढे गेला. "गुणाजी, मी तुला भर देवळात नको ते बोललो. ज्याला हसलो, त्याच्याच श्वासावर माझं पोर घरी आलं. मला क्षमा कर."

असे म्हणून तो बलदंड नाखवा वाकला. गुणाजी संकोचून गेला. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या पाया पडावे? तोही घाईघाईने वाकला आणि दोघांची डोकी खाडकन आपटली! महाराज लहान मुलासारखे खळखळून हसले. मग खाली बसून दोघेही हसले, आणि हसता हसता हिराजीने आपले मस्तक गुणाजीच्या पायांवर टेकवले.

थकल्या पावलांनीही नेम न सोडणाऱ्या भक्ताचा भार आपल्या छातीवर घेणाऱ्या त्या दयाघन निवांतनाथांना आपणा सर्वांचे दंडवत असो!