तांब्यावरचं नाव

एकदा एका गावात, म्हणजे औद्योगिक वसाहतीला खेटून वाढलेल्या गावात, एक वृद्ध कारागीर सर्किट बनवायला शिकवीत असत. नाव नरहर मास्तर. स्वभावाने इतके निगर्वी, की दुकानावर पाटीसुद्धा नव्हती. पण शिष्याने सर्किटचा नवा बोर्ड आखायला घेतला, की त्यांचा पहिला हट्ट ठरलेला: "आधी कोपऱ्यात तुझं नाव घाल. मग बाकीच्या रेषा." आता बोला! ज्यांनी जन्मात स्वतःचं नाव मिरवलं नाही, त्यांना शिष्यांच्या नावाचा एवढा सोस कशाला?

त्यांची शिष्या शलाका हिलाही हाच प्रश्न पडे. ती आपला पहिला स्वतंत्र बोर्ड करीत होती, आणि तोही आईसाठी. आईला ऐकू येत नसे. दारावरची घंटा वाजवून माणसं कंटाळून परत जात. एकदा तर सख्खी बहीण बंद दारावरून माघारी गेली, तेव्हा ती माउली दिवसभर रडत बसली होती. घंटेचं बटण दाबताच घरात दिवा लुकलुकावा, एवढंच शलाकाला हवं होतं. "उद्या दिवा लावते," असं तिने आईला खुणांनी सांगूनही टाकलं होतं.

संगणकावर आखणी पुरी झाली. मास्तरांच्या धाकाने घातलेलं नाव पाहून मात्र तिला लाज वाटली. 'काम बोलेल की, नाव कशाला?' असं म्हणत तिने ते पुसून टाकलं. मग रेषांचा नकाशा उलटवून कागदावर छापला, कागद तांब्याच्या बोर्डावर पालथा घातला आणि वरून इस्त्री फिरवली. शाई तांब्यावर उतरली. तांबं खाणाऱ्या द्रावणात बोर्ड बुडवताच उघडं तांबं विरघळून गेलं, शाईखालच्या रेषा तेवढ्या राहिल्या. काय देखण्या रेषा होत्या हो! तिने भोकं पाडली, चिप बसवली, सोल्डर केलं आणि वीज जोडली.

दिवा लागला नाही. चिपमधून धूर मात्र निघाला.

"मास्तर, रेषा न् रेषा तपासली होती मी! आता आईला काय तोंड दाखवू?" ती रडकुंडीला आली.

मास्तरांनी बोर्ड उजेडात धरला. "अगं, सगळं बरोबर आहे, फक्त आरशातलं आहे. इस्त्रीखाली चित्र उलटतं, म्हणून कागदावर ते उलटंच हवं. संगणकाने ते आधीच उलटं धरलं होतं. तू छापताना पुन्हा उलटवलंस. चिपच्या पायांची अदलाबदल झाली आणि वीज भलत्याच पायात शिरली."

"पण मला कळणार कसं? कागदावर तर नुसत्या रेषा!"

"म्हणून तर नाव घाल म्हणतो, बाळ. रेषा उलटी की सुलटी, ते नुसत्या नजरेला कळत नाही. अक्षराचं लगेच कळतं. कागदावर नाव उलटं दिसलं, की समजावं, तांब्यावर ते सुलटं उमटणार. आणि स्वतःचं नाव चुकीचं पडलेलं कुणाला खपतं? तू नम्रतेपायी नाव पुसलंस आणि दारचा राखणदारच हाकलून दिलास. मिरवण्यासाठी नव्हे गं, 'हे काम माझं, बरंवाईट माझ्या माथी' असं म्हणण्यासाठी नाव लागतं."

शलाकाने डोळे पुसले आणि नवा बोर्ड घेतला. या खेपेस आधी नाव, मग रेषा. कागदावर नाव उलटं दिसलं, तेव्हाच तिने इस्त्री हाती घेतली. तांब्यावर 'शलाका' ही अक्षरं सुलटी, झळझळीत उमटली.

दुसऱ्या दिवशी तिने बोर्ड घरी भिंतीवर बसवला. मास्तरांनी स्वतः दाराबाहेर उभं राहून घंटेचं बटण दाबलं. आत दिवा लुकलुकला आणि आई धावतच दार उघडायला आली. 'या, बसा' अशी खूण करायचंही तिला सुचलं नाही. मास्तरांचा हात धरून तिने त्यांना बोर्डापाशी नेलं, कोपऱ्यातल्या तांब्याच्या अक्षरांवर बोट ठेवलं, आणि मग तेच बोट लेकीकडे केलं. तिचा चेहरा अभिमानाने नुसता फुलून आला होता.

जन्मात कधी न मिरवलेले मास्तर त्या दिवशी घरी जाताना वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "माझी शिष्या आहे ती!"