पुढचा बसला की

त्या राज्यात खेळ बघताना कोणी बसत नसे. घरी बसत, झाडाखाली बसत, पाण्यावर गेले की गप्पा मारत तासन्‌तास बसत. पण मैदानावर, जिथे आठवड्यातून एकदा सगळे राज्य लोटत असे, तिथे बसणे बंद होऊन इतकी वर्षे झाली होती की नव्या पिढीला पायऱ्या या उभे राहण्यासाठीच कोरल्या आहेत असे वाटे.

मैदान वाटीसारखे होते. तळाशी गवत, त्यावर डोंगराकडचे आणि नदीकडचे असे दोन पक्ष पायांनी चेंडू खेळत. भोवती चढत गेलेल्या अकरा दगडी पायऱ्या. ज्यांनी त्या कोरल्या त्यांनी डोके लावून कोरल्या होत्या. सगळे बसले तर पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याला नीट दिसावे, एवढीच प्रत्येकीची उंची. सगळे उभे राहिले की उंचांना आधी दिसत होते तेवढेच दिसे, आणि बुटक्यांना पुढच्याची पाठ.

सर्वांत आधी कोण उठले, याबद्दल अकरा पायऱ्यांचे अकरा इतिहास होते, आणि प्रत्येक इतिहासात गुन्हेगार एक पायरी खाली राहत होता. कोणी म्हणे, एक रानडुक्कर आनंदाने उठले. कोणी म्हणे, आनंद कसला, त्याला मुंगी चावली होती. काही का असेना, ते उठले म्हणून मागचा उठला, त्याच्या मागचा उठला, आणि जो तो 'पुढचा बसला की बसतो' म्हणत राहिला. यात कोणाचा उद्धटपणा नव्हता बरे का. उलट फार सभ्य राज्य होते ते. धक्का लागला तर माफी मागत, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत, तेलाची देवाणघेवाण करत. फक्त बसत नसत.

एकदा पंचांनी ठरवले की नगारा वाजला की सगळ्यांनी एकदम बसायचे. ठरल्याप्रमाणे नगारा वाजला. सगळ्या राज्याने गुडघे वाकवले, आणि अर्ध्यात थांबून शेजारी खरेच बसतो आहे का ते पाहिले. शेजारीही अर्ध्यात थांबून तेच पाहत होता. क्षणभर हजारो जीव तसे अधांतरी वाकलेले राहिले आणि मग कमरेला हात लावून हळूहळू सरळ झाले. त्यानंतर पंचांनी हा विषय काढला नाही.

नवव्या पायरीवर, उंबराच्या खुंटाशेजारी, भिवरा नावाच्या म्हाताऱ्या मुंगशीची जागा होती. जागा वाडवडिलांपासून ठरलेल्या असत, त्यामुळे पुढे सरकण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या पुढच्या पायरीवर सांबर. आता सांबर आणि मुंगूस यांच्या उंचीत किती फरक असतो हे काय सांगायला हवे? चार वर्षे भिवरा खेळ बघायला जात होती आणि चार वर्षे तिने सांबराच्या मांड्या पाहिल्या होत्या. त्या मांड्यांवरचा प्रत्येक डाग तिला पाठ होता.

तिचा धंदा बसकरे विणण्याचा. बसकर म्हणजे बसायला घेतात ती लव्हाळ्याची लहान चटई. तिच्या आईने विणली, आजीने विणली. आजीच्या काळी बसकर मऊ असावे लागे. आता गिऱ्हाईक येई आणि पायाने दाबून बघे. "जाड द्या, मावशी. चार घड्या केल्या तरी दबणार नाही असं." बसकराची घडी करून तिच्यावर उभे राहिले की वीतभर उंची वाढते, हा शोध कोणीतरी लावला होता. मग शेजाऱ्यानेही घडी केली, आणि दोघे पुन्हा सारखेच झाले. भिवरा जाड विणून देई. पण आपल्या हाताच्या कामावर कोणी पाय ठेवताना दिसले की ती नजर दुसरीकडे वळवी. स्वतःचे बसकर तिने कधी पायाखाली घेतले नव्हते. ती ते काखेत धरून उभी राही.

ती जायची ती मुलासाठी. तिचा गेनू डोंगराकडून खेळत असे. मैदानात एकदम आरोळी उठली की ती डोळे मिटून अंदाज बांधे, हा आपला असेल. घरी आला की म्हणे, "पाहिलं रे बाबा सगळं. काय खेळलास!" चार वर्षे हे खपले. मग एका संध्याकाळी गेनूने भाकरी मोडता मोडता विचारले, "आई, आजचा गोल मी कुठल्या पायाने मारला?"

"डाव्या," भिवरा म्हणाली. काहीतरी म्हणायला हवे होते.

"डोक्याने मारला गं."

त्याने हातातला तुकडा ताटात ठेवला. मग तो म्हणाला, "मी दर वेळी बघतो वर. नववी पायरी, उंबराचा खुंट. तू कधी दिसत नाहीस. मला वाटायचं, येतच नाहीस आणि मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगतेस."

"येते रे! शपथ येते! दिसत नाही मला काही, म्हणून..." आणि तिला रडूच कोसळले.

गेनूला पलीकडच्या खोऱ्यातल्यांनी आपल्याकडून खेळायला मागून घेतले होते. एक खेळ उरला होता, त्यानंतर तो जायचा होता, आणि ते खोरे असे की तिकडे गेलेले वर्षानुवर्षे परतत नसत. त्या खेळाला निघताना तो एवढेच म्हणाला, "या वेळी दिस हं, आई. मी बघणार आहे."

त्या दिवशी खेळ सुरू झाला तसे भिवराने सांबराच्या ढोपराला हात लावला. "सांबरराव, माझा मुलगा आज शेवटचा खेळतोय. एवढा वेळ बसाल का?"

सांबराने मान वळवून पाहिले. त्याच्या डोळ्यांत खरीच कणव होती. "मावशी, माझी का हौस आहे उभं राहायची? रात्री ढोपरं ठणकतात. पुढचा बसला की बसतो बघा. लगेच बसतो."

चार वर्षे हे उत्तर ऐकून ती गप्प बसली होती. आज म्हणाली, "बरं. मग पुढच्यालाच विचारून येते."

आपली जागा सोडून जाणे हे त्या राज्यात फारच अडाणीपणाचे मानत. शिवाय जागा सोडली की दोन्ही बाजूंचे नकळत सरकत आणि जागा मिटून जाई. परत यायला वाव नसे. भिवराने मागे वळून पाहिले तेव्हा उंबराचा खुंट दिसत होता आणि शेजारी तिच्याएवढी फटसुद्धा राहिली नव्हती. आता खालीच जाणे भाग होते.

ती पायांमधून, पोटांखालून खाली उतरू लागली. सातवीवर रानडुकराचे जोडपे होते. "आमचं काही नाही हो," बायको म्हणाली, "पुढचे बसले की आम्ही बसलोच." पाचवीवर एक अस्वल दोन्ही हातांनी कंबर धरून उभे होते, त्याने तर पुढच्याच्या नावाने बोटे मोडली. तिसरीवर एक कासव होते. ते बिचारे उभे आहे की बसले आहे हे कोणाला कळत नसे, आणि 'याचे मन खेळात नाही' असे लोक म्हणत, म्हणून ते अधूनमधून ओरडून सांगे, "उभा आहे! मीही उभाच आहे!" दुसरीवर एक लाजरे भेकर होते. तेही तेच बोलले, फक्त हळू आवाजात.

पहिल्या पायरीवर एक म्हातारा गवा होता. प्रचंड धूड, पाठ पांढुरकी पडलेली. त्याच्या पुढे कोणी नव्हते. पुढे नुसते गवत, आणि गवतावर खेळ.

"आजोबा," भिवरा धापा टाकत म्हणाली, "तुमच्या पुढे तर कोणी नाही. मग तुम्ही का उभे?"

गव्याने बराच विचार केला. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. मागचे सगळे त्याला मनातल्या मनात शिव्या देत, पण विचारायला कोणी आले नव्हते.

"मागचे उभे आहेत ना," तो शेवटी म्हणाला. "अकरा पायऱ्यांचा भार पाठीशी आहे, पोरी. मी बसलो आणि ते पुढे लोटले तर?" मग मान खाली घालून पुटपुटला, "आणि खरं सांगू? बसायचं कसं, तेच आठवत नाही. लाज वाटते विचारायला."

भिवराला गलबलून आले. तिने काखेतले बसकर काढले आणि त्याच्या गुडघ्यांसमोर अंथरले. "पुढचे गुडघे आधी. हां. या माझ्या बसकरावर टेका. आता मागचं अंग सोडा. सोडा, मी आहे."

ती वीतभर मुंगशी त्या डोंगराला काय आधार देणार होती! पण तो बसला. गुडघे मोडले, हाडे वाजली, आणि एवढा मोठा सुस्कारा बाहेर पडला की गवत हलले. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. "अगं बाई," तो म्हणत राहिला, "अगं बाई गं."

भेकराने पुढे पाहिले. पुढचा बसला होता. आता शब्द पाळण्यावाचून गत्यंतर नव्हते. ते बसले. कासवाने जाहीर केले की तेही बसले आहे. मग अस्वल, मग डुकरे, मग सांबर. बसण्याचा तो आवाज पायरीपायरीने वर चढत गेला आणि अकरावीवर जाऊन थांबला. कोणी हसत होते, कोणी पाय चोळत होते. तान्ही पोरे घेऊन आलेल्या आयांनी कित्येक वर्षांनी मांड्या पसरल्या. आणि सगळ्यांना दिसत होते! अगदी उंदरांनासुद्धा.

गव्याने गुडघे उचलून बसकर तिच्याकडे सारले आणि बाजूला जागा केली. भिवरा त्यावर बसली. आपण विणलेले बसकर किती मऊ असते हे तिलाही आत्ताच कळत होते. समोर गेनू धावत होता. धावताना तो जिभेचे टोक बाहेर काढतो हे तिला ठाऊक नव्हते. लहानपणी उंबराची फळे फोडताना काढायचा, तसेच. चार वर्षांचे सगळे खोटे आता खरे करून घ्यायचे होते. तिने डोळ्यांची पापणी लवू दिली नाही.

आणि गेनूने गोल मारला. उजव्या पायाने! भिवराने नीट पाहून घेतले, उजव्या.

मैदान दणाणले. गेनू थांबला, वळला आणि त्याने वर पाहिले. नववी पायरी, उंबराचा खुंट. तिथे भिवरा नव्हती. या खेपेला मध्ये कोणी उभे नव्हते, काही नव्हते. आई तिथे नाही हे स्पष्ट दिसत होते.

त्याचा चेहरा उतरलेला तिला पहिल्या पायरीवरून अगदी जवळून दिसला. "गेनू! अरे इथे! खाली बघ!" ती ओरडली. त्या गजरात कोण ऐकणार! तो तिच्या डोक्यावरून वरच बघत होता.

भिवराने मागे वळून पाहिले. सांबर पाय लांब करून बसले होते. अस्वलाने डोळे मिटून कंबर दगडाला टेकवली होती. तिला सगळे कळत होते. न कळायला ती काय दूधखुळी होती? पण एकच क्षण. त्याने पाहिले की लगेच बसायचे. तिच्याएवढ्या जिवाने कोणाचे काय अडणार होते?

ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली. गेनूची नजर तिच्यावरून गेली आणि थांबली नाही. तिने बसकर उचलले, दोन घड्या केल्या आणि त्यावर पाय ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा.

"मावशी," मागून भेकराने फार नम्रपणे विचारले, "आत्ता काय झालं मैदानात? काही दिसेना." आणि मान उंच करता करता ते उठले. त्यामागे कासव ओरडले की तेही उठले आहे. मग अस्वल, मग डुकरे, मग सांबर. तोच आवाज पुन्हा पायरीपायरीने वर गेला. तान्ह्या पोरांना आयांनी पुन्हा काखोटीला मारले. सर्वांत शेवटी गवा उठला, मागचे अंग आधी उचलत. त्याने तिच्याकडे नुसते पाहिले.

"मावशी, तुम्ही बसलात की मी बसतो हं," भेकर म्हणाले. "लगेच बसतो."

"हो रे बाबा, बसते," भिवरा मागे न बघता म्हणाली. "एवढं त्याने पाहिलं की बसलेच."

खाली गेनू अजून शोधत होता. नजर पायरीपायरीने खाली आणत होता. पण आता अकराच्या अकरा पायऱ्या उभ्या होत्या, खांद्याला खांदा, शिंगाला शिंग, आणि हजारो जीव टाचा उंचावून हलत होते. त्यात एक वीतभर तोंड शोधायचे होते. चेंडू पुन्हा मध्यावर ठेवला गेला. कोणीतरी गेनूला हाक मारली.

भिवराने पायाखालचे बसकर काढले, आणखी एक घडी केली आणि त्यावर चढली.