भागूची वाळू

फार फार वर्षांपूर्वी, खैरवाडीत शाळा नव्हती आणि पाटी कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. वेशीजवळ भागू भडभुंजीण राहायची. चणे-फुटाणे, लाह्या भाजून विकायची. तिची भाजायची वाळू सासूच्या सासूपासून चालत आलेली, तापून तापून काळी आणि पिठासारखी मऊ झालेली. भट्टी विझली की भागू ती वाळू ओट्यावर निवायला पसरायची आणि गावातली चिल्लीपिल्ली तिच्यावर तुटून पडायची. रेघा, गोळे, वेटोळी, नुसते कावळ्याचे पाय!

मोठी माणसं हसायची. भागू मात्र उकिडवी बसून विचारायची, “काय लिवलंस गं?” मग कुणी सांगे, आमची गाय व्याली. कुणी सांगे, बा बाजारला गेला. आज जो गोळा गाय, तोच उद्या मामा. भागूची कशालाच हरकत नसे. पोराचं वाचून झाल्याशिवाय तिनं एकही रेघ पुसली नाही, असं म्हणतात.

त्याच गावात सईची लेक होती, ठकू. चार वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. सईनं तिच्या जिभेला मध-वेखंड लावलं, नवस बोलली, पण काही उपयोग झाला नाही. ‘मुकी ठकू’ असं गाव म्हणू लागलं होतं. ते नाव पोरीला जन्माचं चिकटणार, या धास्तीनं सईला अन्न गोड लागेना.

एका श्रावणात, नागपंचमी चार दिवसांवर आली असताना, ठकूनं वाळूत लांबच लांब रेघ ओढली आणि टोकाशी दोन टिंबं दिली, एक मोठं, एक लहान.

“काय लिवलंस गं?” भागूनं विचारलं.

सई घाईनं म्हणाली, “पानी मागती ती.” शेजारीण म्हणाली, “छ्या, झोप आलीया तिला.”

भागू चिडली. “अगं, तिच्या वाट्याचं समदं तुमीच बोलताय, मग तिनं बोलावं कशाला? आता हिचं वाचून होईस्तोवर ही वाळू हलायची न्हाई!”

भट्टी थंड पडली. एक दिवस गेला, दोन गेले. त्यात नदीला पूर, नवी वाळू आणायची कुठून? पंचमी उद्यावर आली तसं गाव ओट्यापुढं गोळा झालं. पाटील गरजले, “भागू, नागोबाला लाह्या न्हाईत व्हय? एका मुक्या पोरीपायी?”

गावाशी वाकडं घेऊन भागूची चूल पेटणार नव्हती. तरी ती एवढंच म्हणाली, “बसा पाटील. पर कुनी बोलू नगा.”

पाटील बसले, म्हणून गाव बसलं. सईच्या ओठांवर शब्द येत होते, तिनं तोंडात पदर कोंबला. ठकूनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. तिच्यासाठी बोलायला आज कुणीच नव्हतं. मग तिनं रेघेवर बोट ठेवलं आणि हळूहळू सरकवत नेलं.

“ही वाट,” ती म्हणाली. बोट मोठ्या टिंबावर आलं. “ही आई.” मग लहान टिंबावर. “ही मी.”

सई ढसाढसा रडली. भागूनं डोळे पुसत वाळू कढईत भरली, वर जोंधळे टाकले, आणि भट्टी पेटवायच्या आतच लाह्या तडतडा फुटू लागल्या. गल्लीभर पांढरा सडा पडला, असं म्हणतात. विस्तवाशिवाय वाळू तापते का, असं विचारणाऱ्याच्या हातावर खैरवाडीत लाह्या ठेवतात. तोंड भरलं की शंका राहत नाही. ठकू पुढं इतकी बडबडी झाली की सईच म्हणे, “भागूमावशी, आता हिला गप बसवायचं औषध दे बाई!”

आता भट्टी राहिली नाही, ओटा आहे. पंचमीच्या आदल्या दिवशी तिथं भागूच्या नावानं वाळू पसरतात. शाळेचं तोंड न पाहिलेली पोरं रेघोट्या ओढतात, आणि म्हातारा असो की सरपंच, उकिडवं बसून विचारतो, “काय लिवलंस?” शेवटच्या पोराचं वाचून होईपर्यंत गावात लाही भाजत नाहीत.

एका वर्षी एक लाजरी पोर दिवेलागणीपर्यंत गप्प राहिली. सगळं गाव ओट्यापुढं बसून होतं. तिच्या वतीनं कुणी बोललं नाही.