यादीबाहेरचे नाव

एकदा एका राज्यात न्यायाधीशांच्या सत्तावीस जागा एकाच वर्षी रिकाम्या झाल्या. कोणी वार्धक्याने थकले होते, कोणी वारले होते, आणि बऱ्याच जणांना प्रधानांनी घरी पाठवले होते. त्या राज्यात राजा नव्हता. प्रधानांनी नावे सुचवावीत आणि साठ सभासदांच्या सभेने त्यांना मान्यता द्यावी, असा नियम होता. सभेच्या मान्यतेवाचून कोणालाही न्यायासनावर बसता येत नसे. नियम उत्तम होता. पण उत्तम नियम कंटाळलेल्या माणसांच्या हाती पडला की त्याचे जे होते, तेच तिथेही झाले होते.

पूर्वी म्हणे एकेका नावावर दिवसभर चर्चा चाले. उमेदवाराला सभेपुढे उभे करून नाना प्रश्न विचारले जात. पुढे कोणा शहाण्याने युक्ती काढली. सगळी नावे एका कागदावर लिहावीत, सचिवाने ती एका दमात वाचावीत आणि सभेने एकदाच 'मान्य' म्हणावे. तेव्हापासून सभेचा वेळ वाचू लागला. सत्तावीस नावे वाचून होईपर्यंत पानाचा विडासुद्धा नीट लावून होत नसे. सभापती यादी नेहमी दुपारच्या जेवणाआधी घेत, कारण भुकेला सभासद वाद घालत नाही, हे त्यांनी अनुभवाने ताडले होते.

या सभेत एक वृद्ध आचार्य होते. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, बोलणे मोजके. नगराबाहेर त्यांची पाठशाळा होती आणि तिथे शिकून गेलेल्यांत वेणू नावाची एक शिष्या होती. ती पाथरवटाची मुलगी. बापाबरोबर गावोगाव बोथट जात्यांना छिन्नीने टाकी लावत हिंडताना ती अक्षरे शिकली, पुढे आचार्यांकडे कायदा शिकली आणि आठ वर्षे कचेरीत कारकून होती. जीभ मात्र बापाच्या छिन्नीसारखीच राहिली. तुमच्या पिढीला वाट पाहण्याचा इतका अभिमान आहे की तेच एक काम आहे असे तुम्हाला वाटते, असे तिने एकदा आचार्यांना तोंडावर सांगितले होते. आचार्य हसले होते. वडीलधाऱ्यांना राग येण्याऐवजी हसू आले की तरुणांचा संताप दुप्पट होतो, हे त्यांना अजून कळायचे होते.

आचार्यांना खूश ठेवावे म्हणून प्रधानांनी त्या सत्तावीस जणांच्या यादीत वेणूचेही नाव घातले. ते चौदावे होते.

यादीच्या दिवशी वेणू आईचे हिरवे लुगडे नेसून प्रेक्षकांच्या सज्जात बसली होती. बाहेर पायऱ्यांवर तिचा बाप गुळाची ढेप घेऊन थांबला होता. पाथरवटाची पोर न्यायाधीश होणार, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचे तोंड गोड करायलाच हवे. सचिवाने यादी वाचली. सभापतींनी नेहमीप्रमाणे विचारले आणि साठ तोंडे 'मान्य' म्हणायला उघडली. तेवढ्यात आचार्य काठी टेकत उठले.

"चौदावं नाव बाजूला काढा," ते म्हणाले. "त्यावर वेगळी चर्चा व्हावी."

तसे मागण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला होता. पण एकोणीस वर्षांत तो कोणी वापरला नव्हता, त्यामुळे सचिवाला नियमांचे पुस्तक शोधावे लागले. सभापतींनी विचारले, बाकीच्या नावांचे काय? बाकीच्यांबद्दल आपले काही म्हणणे नाही, असे आचार्यांनी सांगितले. मग सव्वीस नावे एका 'मान्य'मध्ये पार पडली आणि सव्वीस जण हार घालून घ्यायला बाहेर गेले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "काय आचार्य, स्वतःच्याच झाडाची कैरी आंबट लागली?" सभा हसत हसत जेवायला उठली.

वेणूने आचार्यांना सभेच्या ओसरीवर गाठले.

"गुरुजी, माझ्यात काय कमी आहे ते घरी सांगायचं होतंत. साठ जणांसमोर कशाला?"

"उद्या सकाळी लवकर ये," आचार्य म्हणाले. "आणि पोटभर खाऊन ये. उभं राहावं लागेल."

त्या दिवशी ती त्यांच्या पाया न पडता गेली. बापाने ढेप पुन्हा डोक्यावर घेतली.

दोन दिवस वेणू सभेपुढे उभी राहिली. कायद्याचे प्रश्न झाले, वयाचे झाले, बापाच्या धंद्याचे झाले. एका सभासदांना काळजी पडली होती की ही निकाल देत बसली तर घरी स्वयंपाक कोण करणार. तुमच्याकडे कोण करतं, असे वेणूने विचारले, आणि बराच वेळ ते सभासद कागद चाळत राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाड मिशांचे एक ज्येष्ठ सभासद उठले. ते पूर्वी सैन्यात होते आणि कोणाचेही फारसे ऐकत नसत. त्यांनी एकच गोष्ट विचारली: तुझ्या हातून झालेला एक अन्याय सांग.

कचेरीतला कारकून कसला अन्याय करणार, असे म्हणून वेणूला सुटता आले असते. ती म्हणाली, "तिसऱ्या वर्षी एका विधवेच्या शेताच्या हद्दीचा तंटा आला होता. हद्द दीड कोस लांब होती आणि ऊन फार होतं. मी गेले नाही. नकाशा बघून टिपण लिहिलं, त्यावर साहेबांनी सही केली आणि तिची विहीर शेजाऱ्याला गेली. पुढे त्या वाटेने जाताना मी हद्दीचा दगड पाहिला. तो विहिरीच्या पलीकडे होता. तोपर्यंत ती बाई गाव सोडून गेली होती. तेव्हापासून दगड पाहिल्याशिवाय मी कागदावर विश्वास ठेवत नाही."

हा गुण नसून गुन्हा आहे, असे म्हणून मिशावाल्यांनी विरोधात मत दिले. तरी वेणूला तीस मते पडली, विरोधात एकोणतीस. साठावे मत आचार्यांचे. ते मतदानाच्या वेळी उठून अंगणातल्या रांजणातले पाणी प्यायला गेले होते.

हा दुसरा अपमान वेणूच्या अधिक जिव्हारी लागला. बाप आनंदाने ढेप फोडायला निघाला, तर एका मताने मिळालेल्या आसनासाठी गूळ वाटत नाहीत, असे म्हणून तिने त्याला अडवले. ढेप माळ्यावर गेली.

आठ महिने गेले. वेणूच्या न्यायासनापुढे धनगरांच्या एका गावाचा तंटा आला. गावाचे तीनशे बिघे गायरान डोंगराच्या उतारावर होते. शेजारी एका धनाढ्य व्यापाऱ्याची दगडखाण होती, आणि खाणीची हद्द गायरानाच्या पार पलीकडे आहे असा त्याचा दावा होता. व्यापारी प्रधानांच्या पंगतीला बसणारा. गायरान गेले तर मेंढरे विकून गाव उठणार, हे उघड होते. व्यापाऱ्याचा नकाशा बिनचूक दिसत होता आणि नकाशात दाखवल्या जागीच हद्दीचा जुना दगडही उभा होता. कागद आणि दगड यांचे एकमत झाल्यावर आणखी काय हवे?

वेणू भर उन्हात उतार चढून गेली. दगडाभोवती फिरली आणि तिने तो उपटायला लावला. मातीत गाडलेल्या भागावर वीतभर दगडफूल दिसत होते. धनगरांना काही उमगेना. वेणूने व्यापाऱ्याच्या माणसांना जवळ बोलावून ते दाखवले. दगडफुलाला वारा लागतो, ऊन लागते. ते मातीच्या पोटात उगवत नाही. म्हणजे हा भाग वर्षानुवर्षे उघड्यावर होता, आणि दगड मूळच्या जागेवरून काढून इथे नव्याने अधिक खोल पुरला होता. उताराच्या खालच्या अंगाला जुना खड्डाही सापडला. गायरान गावाचे, असा निकाल तिने तिथेच उभ्या उभ्या दिला.

व्यापारी रागावला नाही. जाता जाता तो तिला म्हणाला, "बाई, यादीत आलेली माणसं यादीतच जातात."

महिन्याभरात प्रधानांनी नवी यादी आणली. ही बडतर्फीची होती. गैरसोयीचे निकाल देणाऱ्या सात न्यायाधीशांची नावे तीत होती आणि पाचवे नाव वेणूचे होते. न्यायाधीश बडतर्फ झाला की त्याचे वर्षभरातले निकाल नव्याने तपासले जात. म्हणजे वेणू गेली की गायरानही जाणार होते. त्या दिवशी सगळे गाव ढोल घेऊन सभेच्या पायऱ्यांवर येऊन बसले. वाजवायचे की गप्प परत न्यायचे, ते आत ठरणार होते.

दुपारच्या जेवणाआधी सचिवाने एका दमात सात नावे वाचली. तोंडे उघडली. आणि पुन्हा ती काठी वाजली.

"पाचवं नाव या यादीत बसत नाही," आचार्य म्हणाले. "जशी मान्यता, तशीच बडतर्फी. जो यादीतून आला तो यादीतून जाईल. जो एकटा आला, त्याला एकट्यालाच काढावं लागेल, चर्चा करून. नियम काढून वाचा."

सचिवाने पुस्तक उघडले. नियम होता. सज्जात बसलेल्या व्यापाऱ्याचा चेहरा प्रथमच उतरला. वेणूही बाकीच्या सव्वीस जणांबरोबर यादीतूनच आली, असे तो इतके दिवस धरून चालला होता. प्रधानांच्या कारकुनांनीही तेच धरले होते. यादी कोणी नीट ऐकतच नसेल, तर तिच्यातून एक नाव गळले हे तरी कोणाच्या लक्षात राहणार?

उरलेले सहा एका 'मान्य'मध्ये गेले. त्यांचे चेहरे कोणाला आठवत नव्हते. मग वेणूचे नाव एकटे वाचले गेले आणि सभेला सज्जात बसलेल्या तिच्याकडे मान वर करून पाहावे लागले. ही बाई उद्धट आहे, वडीलधाऱ्यांचा मान ठेवत नाही, असे प्रधान बराच वेळ सांगत राहिले. ते खरेच होते. ते बसल्यावर जाड मिशांचे सभासद उठले.

"मी हिच्या विरोधात मत दिलं होतं," ते म्हणाले. "पण दगड पाहिल्याशिवाय निकाल देणार नाही, असं ही इथं उभी राहून म्हणाली होती, ते मी या कानांनी ऐकलंय. हिनं दगड पाहिला. आता प्रधानजी, एवढंच सांगा, तुम्ही पाहिलात का?"

प्रधानांनी पाण्याचा पेला उचलला. सभेत एक हसू उठले आणि या बाकावरून त्या बाकावर पसरत गेले. मतदान झाले. वेणूच्या बडतर्फीला सतरा मते पडली, विरोधात त्रेचाळीस. या वेळी आचार्य पाणी प्यायला गेले नव्हते.

बाहेर ढोल कडाडले. भंडारा असा उधळला गेला की सभेच्या पायऱ्या, सभापतींची पगडी आणि सचिवाच्या बगलेतले नियमांचे पुस्तक, सगळे पिवळे झाले. वेणूच्या बापाने घरी धावत जाऊन माळ्यावरची ढेप आणली. एका कोपऱ्यातून मुंग्यांनी आपला वाटा आधीच उचलला होता. उरलेली त्याने दगड फोडायच्या हातोड्याने फोडली आणि ज्याच्या हाती जेवढी आली तेवढी त्याने खाल्ली.

गर्दी ओसरल्यावर वेणू आचार्यांपाशी आली. आता तरी सांगा, एवढेच ती म्हणाली.

"यादीतलं नाव देणाऱ्याचं असतं, बाळ," आचार्य म्हणाले. "त्यानं दिलं, तो परत घेईल. मान्य म्हणणाऱ्यांना तू कोण हे ठाऊक नसेल, तर नको म्हणतानाही त्यांचं काही जात नाही. दोन दिवस त्यांनी तुझ्या डोळ्यांत बघून प्रश्न विचारले. मग तुला काढतानाही त्यांना तिथंच बघावं लागलं. आणि मी मत दिलं असतं, तर तू माझी म्हणून बसली असतीस. तुला तुझी म्हणून बसवायचं होतं."

वेणूने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. नऊ महिन्यांचा राग तिथेच उतरला. बोधकथा येथे संपायला हरकत नव्हती. पण वेणू उठून उभी राहिली आणि तिने विचारले, "आणि ते सहा जण? त्यांचा गुरू या सभेत नव्हता म्हणून ते गेले. गुरुजी, एक नाव बाजूला काढायचं तुम्हाला सुचलं. सव्वीस का नाही सुचली?"

आचार्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. त्यांना या वेळी हसू आले नाही.

"एकोणीस वर्षं मीही जेवायला वेळेवर गेलो, बाळ," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात त्या सहा जागांसाठी यादी आली. सभेच्या आग्रहामुळे प्रधानांना तीत बडतर्फ केलेल्या सहांपैकीही तीन नावे घालावी लागली होती. जेवणाची घंटा व्हायला थोडाच अवकाश होता. सचिवाने छातीत दम भरला, तोच आचार्य उठले.

"पहिलं नाव बाजूला काढा."

सभेने सुस्कारा सोडला. आचार्य बसले नाहीत. दुसरंही काढा, ते म्हणाले. मग तिसरे, चौथे, पाचवे. सहाव्याच्या वेळी त्यांच्याआधीच जाड मिशांचे सभासद उठून उभे राहिले. सज्जात वेणू बसली होती, आणि तिच्या शेजारी यादीत नाव असलेले सहा जण, उद्या सकाळी पोटभर खाऊन येण्याची सूचना मिळालेले.

त्या सभेत मग बारा दिवस जेवण गार झाले. गार जेवणाने आजवर कोणत्याही राज्याचे पोट बिघडलेले नाही.