मार्सेलीनबाईंचं ताट

"फादर, पवित्र सप्ताह संपेपर्यंत मला चर्चच्या आश्रमात खोली मिळेल का?"

फादर बावतीस चर्चमागच्या वाडीत वालाच्या वेलाला काठी बांधत होते.

"घरी काय झालं?"

लिएंडर घुटमळला. वसईतल्या त्या गावात त्याच्याइतका कडक उपवासकाळ कुणी पाळत नव्हतं, आणि हे तो स्वतःही ओळखून होता. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून रोज सूर्य मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. भर दुपारी गुडघे टेकून रोजरीची माळ.

"आई," तो म्हणाला. "मी प्रार्थनेला बसलो की दारात येते. जेवलास का? उपास आहे, सांगतो. मान डोलावते, जाते... आणि परत येते. जेवलास का? तिला आता काही आठवत नाही, कळतं मला. पण काल मी ओरडलो तिच्यावर."

"मग?"

"विहिरीपाशी जाऊन बसली. फादर, त्या एका प्रश्नापायी माझा सगळा उपास मातीत जातो."

फादरांनी हात धुतले.

"चल, तुझ्या घरी जाऊ."

घरात मायलेक दोघंच. मार्सेलीनबाई दारातच उभ्या होत्या.

"फादर, जेवलात का?"

"नाही, बाई."

"लिएंडर, तू?"

लिएंडरने तोंड उघडलं. फादरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तोही नाही जेवला."

म्हातारीचा चेहरा उजळला. ती लगबगीने आत गेली.

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एक ताट झाकलेलं होतं. फादरांनी झाकण उचललं. भात तसाच होता, वरून सुकलेला.

"तिच्यासाठी सकाळीच वाढून ठेवतो," लिएंडर म्हणाला. "पण भूकच मेलीय तिची. रात्री माझ्याबरोबर दोन घास खाते, बस्स. हे मग कोंबड्यांना घालतो."

मार्सेलीनबाई हसल्या.

"लेकरू उपाशी असताना आई आधी जेवते होय?"



तिने पाटावर दोघांना बसवलं. वाढायला हात पुढे केला, तशी तिची बांगडी घसरत कोपरापर्यंत गेली. मनगटावर अडायला काही उरलंच नव्हतं. रोज एकाच छपराखाली राहूनही लिएंडरने ते आज पाहिलं.

"आई, तूही बस."

"तू खा आधी."

त्याने घास घेतला. तो गिळेपर्यंत ती बघत राहिली. मग ओट्यावरचं आपलं ताट घेऊन बसली, आणि जेवू लागली... भराभर, मान खाली घालून.



"फादर," लिएंडर हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "माझ्या उपासाचं आता काय?"

फादर त्याच्याकडे नाही, मार्सेलीनबाईंच्या ताटाकडे बघत होते.

"आधी आमटी वाढ. त्यांचा भात कोरडा आहे."