बापूसाहेबांच्या जीपचा जीव

बापूसाहेब शिंत्रे यांची अट एका ओळीची होती. जीपच्या मेंदूतली चिप बदलायची, पण मेंदूची पेटी उघडायची नाही!

ऐकणारा सदबा मिस्त्री होता, आणि चूक त्याचीच होती. कोल्हापुरात आठ दिवसांचा कोर्स करून आल्या आल्या त्याने गॅरेजवर पाटी लावली होती, 'गाड्यांचे मेंदू दुरुस्त करून मिळतील'. बायको म्हणाली होती, आधी घरातला एक करून घ्या. दहावीच्या गणितात दोनदा आपटलेल्या माणसाने एवढी मोठी पाटी लावू नये, हे त्याला आता पटत होतं.

इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाची पेटी म्हणजे जीपचा मेंदू, आणि त्यातली चिप मरायला टेकली होती. पण दसऱ्याला गुरुजींनी त्या पेटीवर कुंकवाचं स्वस्तिक काढून पूजा केली होती. गाडीचा जीव पेटीत आहे आणि झाकण उघडलं की तो गेला, हे बापूसाहेबांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. गॅरेजची जागाही त्यांचीच. जमत नसेल तर पाटी उतरव आणि जागा सोड, असं त्यांनी सांगून टाकलं.

सदबाने डोकं खाजवलं. बापूसाहेब देवीच्या देवस्थानचे अध्यक्ष आहेत हे त्याला आठवलं, आणि त्याने हळूच विचारलं, "मागल्या साली देवीच्या मूर्तीला वज्रलेप केलासा. तवा मूर्तीला हत्यार लागलंच की?"

बापूसाहेब खुलले. गुरुजींनी आधी मंत्रांनी देवीची शक्ती कलशात घेतली, मग कारागिरांनी मूर्तीच्या भेगा भरल्या, मग शक्ती परत मूर्तीत नेली, हे त्यांनी रंगवून सांगितलं. तीन दिवस कलशाजवळ ते स्वतः पाटावर बसले होते.

"मग देवी गेली काय?"

"जाईल कशी? मी बसलो हुतो न्हवं!"

"तसाच गाडीचा जीव बी आधी कलशात काढून ठेवतो. मग पेटी म्हंजे नुसता पत्रा. नवी चिप बसली की जीव परत आत. तवर कलशाजवळ तुम्ही बसा."

आता नाही म्हणावं, तर देवी गेली असं म्हणायची पाळी. बापूसाहेबांनी चपला काढल्या.

कलश म्हणजे सदबाचा लॅपटॉप. त्याची बिजागरी तुटलेली, पडदा विटेला टेकवलेला. असला कलश बघून कुठलाही जीव पळाला असता, असं सदबालाच वाटलं. तरी त्याने जुन्या चिपमधली सगळी माहिती त्यात उतरवून घेतली, पेटी उघडली आणि नवी चिप कथलाचा डाग देऊन बसवली. पहिल्यांदा ती उलटी बसवली होती, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. मग सगळी माहिती नव्या चिपमध्ये भरली. दोन तास बापूसाहेब लॅपटॉपवरच्या माश्या हाकत बसले होते.

शेवटी त्यांनी आपली जुनीच किल्ली फिरवली. किल्लीची खूणही त्या माहितीतच होती, त्यामुळे जीपने ती ओळखली आणि पहिल्याच झटक्याला सुरू झाली. पण बापूसाहेब सहजासहजी हार मानणारे नव्हते. त्यांनी डोळे बारीक केले.

"खरं सांग सदबा, देवीवर आणि ह्या डबड्यावर तुझा सारखाच भरवसा?"

"देवीवर पुरा हाय, बापूसाहेब. डबड्यावर असता, तर तुमाला राखणीला कशाला बसवलं असतं?"

बापूसाहेब पोट धरून हसले. हसता हसताच म्हणाले, "जागा तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. आन् उद्या माझ्या पैशानं नवा लॅपटॉप आण. फुडच्या बारीला माश्या हाकायला मी येणार न्हाई!"