ताणा संपेपर्यंत

कोंडाजीशेटला हौसा कोष्टिणीचं घर रिकामं करून हवं होतं, आणि तेही उद्या सकाळपर्यंत.

घर त्याच्याच मालकीचं होतं, यात वाद नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी त्याचे वडील बयाजीशेट यांनी ते हौसाच्या सासऱ्याला दिलं होतं. "तुमचा माग चालेल तोवर खुशाल राहा, दर दिवाळीला एक लुगडं द्या," असं ते तोंडी बोलले होते आणि कागद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. सासरा गेला, पाठोपाठ नवरा गेला, पण माग चालू राहिला आणि लुगडंही पोचत राहिलं. मग बयाजीशेटही गेले. त्यांचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी कोंडाजीशेट दारात उभा राहिला. त्याला तिथे घोडे बांधायचे होते.

प्रकरण सर्जेराव महाराजांपुढे गेलं. महाराज न्यायी होते, पण एकदा दिलेला निकाल ते मेले तरी बदलत नसत. एकदा भर दुपारी पेंगता पेंगता त्यांनी कुणाची तरी गाय म्हैस ठरवली होती. ती गाय मरेपर्यंत दप्तरात म्हैसच राहिली.

"वडील तसं बोलले होते, मी नाकारत नाही," कोंडाजीशेट म्हणाला. "पण वडील गेले, त्यांच्याबरोबर त्यांचा शब्दही गेला. जागा तेवढी माझ्याकडे आली."

महाराजांना हे पटलं. जो आधी बोलेल त्याचं त्यांना नेहमीच पटायचं.

"महाराज, माझा खड्डामाग हाय," हौसा म्हणाली. "पाय सोडून बसायला जमिनीत खड्डा खणलाय. माग डोक्यावर घिऊन जाईन, पन खड्डा कसा नेऊ?"

"खड्डा इथेच राहू दे," महाराज म्हणाले. चिटणिसांनी तेही लिहून घेतलं.

"आन् मागावर ताणा चढलाय. दोन हजारावर उभे धागे हायेत. मधीच कापले तर सगळं वाया जाईल."

महाराजांना दया आली. "ठीक. मागावरचा ताणा संपेपर्यंत राहा. संपला, की त्याच दिवशी बाहेर. हा निकाल."

चिटणिसांनी निकाल लिहिला, शिक्का मारला आणि कागद हौसाच्या हातात दिला. कोंडाजीशेटने बाहेर चौकशी केली. एक ताणा विणायला पंधरा दिवस लागतात असं कळल्यावर तो घोडे बघायला बाजारात गेला.

हौसा घरी येऊन रडली. या खड्ड्यात बसूनच तिने दोन पोरी लहानाच्या मोठ्या केल्या होत्या, दुसरं काही तिला येत नव्हतं. रडून झाल्यावर ती विणायला बसली, कारण लुगडं तर पुरं करायचंच होतं.

चौदाव्या दिवशी लुगडं विणून झालं. तिने ते मागावरून कापून उतरवलं. मागे वीतभर जुने धागे राहिले, तसे ते नेहमीच राहतात. सवयीने तिने नव्या ताण्यातल्या एका धाग्याचं टोक घेतलं, जुन्या धाग्याच्या टोकाला गाठ मारली आणि दुसरा धागा उचलता उचलता तिचा हात थांबला. ती उठली, शेजारच्या मास्तरांकडून शिक्क्याचा कागद पुन्हा एकदा वाचून घेतला आणि परत येऊन उरलेल्या गाठी मारायला बसली.

पंधराव्या दिवशी कोंडाजीशेट घोड्याचे खुंटे घेऊन आला.

"संपला ना ताणा?"

"संपतोय कुठला? बघा की, मागावरच हाय."

तो महिन्याने आला, ताणा मागावरच होता. दोन महिन्यांनी आला, तरी मागावरच. तेवढ्यात त्याचे दोन घोडे पावसात भिजून शिंकायला लागले. तो तडक महाराजांकडे गेला, आणि आपल्या निकालाला कुणी जुमानत नाही हे ऐकून महाराज स्वतःच हौसाच्या घरी आले.

ते मागाजवळ वाकले. हौसा मागाच्या पलीकडे बसून गाठी मारतच होती.

"हा तर नवा ताणा आहे," महाराज म्हणाले.

"नवा न्हाई, महाराज. जुन्याला सांधलाय. आमच्यात माग कधी मोकळा ठेवत न्हाईत. ह्यो ताणा सासऱ्यानं चढवला, नवऱ्यानं सांधला, आता मी सांधतीय."

"फसवणूक आहे ही!" कोंडाजीशेट ओरडला. "सासऱ्याचा धागा केव्हाच संपला!"

हौसाने गाठ पुरी केली आणि मग वर पाहिलं. "शेटजी, ही जागा आधी कुणाची व्हती?"

"वडिलांची."

"आन् आता?"

"माझी."

"मधी एखादा दिवस बिनमालकाची व्हती का?"

"एक घटकासुद्धा नाही. वडिलांचं संपलं, तिथेच माझं सुरू झालं."

"म्हंजी वडलांच्या टोकाला तुमचं टोक सांधलं. सांधलेली मालकी चालती, मग सांधलेला ताणा का चालत न्हाई? आन् तुमच्यात माल तेवढा सांधतात आन् शब्द कापून टाकतात, ही कुठली रीत?"

कोंडाजीशेटने महाराजांकडे पाहिलं. महाराज मात्र आपल्याच अंगरख्याची बाही निरखत होते. त्यांना स्वतःचे वडील आठवले होते, आणि त्यांच्याकडून आपल्याकडे काय काय आलं तेही.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "हा ताणा संपणार तरी कधी?"

"मला कसं ठावं असंल, महाराज? माझ्या सासूलाबी ठावं नव्हतं."

महाराज एवढे हसले, की तोल जाऊन खड्ड्यातच बसले. चिटणिसांनी दोन्ही हात धरून त्यांना बाहेर काढलं. "निकाल बदलणार नाही," महाराज डोळे पुसत म्हणाले. "ताणा संपेपर्यंत बाई इथेच राहील. घोडे शेटजींनी आपल्या दिवाणखान्यात बांधावेत. आणि बाईला आमच्या जामदारखान्यातलं सगळ्यात उंची लुगडं द्या."

लुगडं आलं. हौसाने काठ उलटून पाहिला. विणकाम तिच्याच हातचं होतं, गेल्या वर्षीचं. दिवाळी जवळ आली होती आणि कोंडाजीशेटचं लुगडं विणायचं राहिलं होतं, म्हणून तिने तेच घडी घालून त्याच्या हातात ठेवलं.